व्यवसायसंशोधन आणि महाजालावरील शोधतंत्र : एक चिकित्सा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या व्यवसायमार्गदर्शनपर लेखनात अलीकडे एक प्रकरण हटकून असते. शोधयंत्राला नुसता प्रश्न विचारू नये, त्याची प्रगत चिन्हे वापरावीत, असे त्यात सांगितलेले असते. अवतरणचिन्हे घातली म्हणजे शब्दसमूह जसाच्या तसा सापडतो. उणे चिन्ह शब्दाला चिकटवून लिहिले म्हणजे तो शब्द असलेली पृष्ठे वगळली जातात. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून त्यापुढे अपूर्णविराम व संकेतस्थळाचे नाव दिले म्हणजे शोध तेवढ्या स्थळापुरता मर्यादित होतो. ‘फाइलटाइप’ने विशिष्ट प्रकारचे दस्तऐवज मिळतात आणि ‘इनटायटल’ने शीर्षकात तो शब्द असलेली पृष्ठे. ही माहिती खरी आहे व उपयुक्तही आहे. परंतु या तंत्राने व्यवसायाचे पर्याय शोधता येतात, हे जे विधान तिच्या पाठोपाठ येते ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. कारण त्यावर विसंबून एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी आपल्या पुढील कित्येक वर्षांचा निर्णय करीत असतो.

व्यवसायमार्गदर्शनाच्या शास्त्राचा आरंभ ज्याच्यापासून मानतात त्या फ्रँक पार्सन्सचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाले. व्यवसायनिवडीची तीन अंगे त्याने मानली : स्वतःची ओळख, व्यवसायांची ओळख आणि या दोहोंच्या संबंधाचा यथार्थ विचार. शोधयंत्राचा संबंध यांपैकी केवळ दुसऱ्या अंगाशी येतो, हे उघड आहे. तथापि त्या अंगातही दोन निराळी कामे मोडतात. कोणते व्यवसाय आहेत हे कळणे हे एक काम आणि एखाद्या व्यवसायाविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे काय हे पडताळणे हे दुसरे. मार्गदर्शनपर लेखनात या दोन कामांचा घोटाळा झालेला दिसतो, आणि विद्यार्थ्याची फसगत नेमकी तेथेच होते.

माहितीशोधाच्या शास्त्रात दोन मापे रूढ आहेत. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन याने केलेल्या प्रयोगांपासून त्यांना विशेष प्रतिष्ठा आली. मिळालेल्या सामग्रीपैकी कामाची किती, हे एक माप. त्यास अचूकता म्हणता येईल. कामाच्या एकूण सामग्रीपैकी हाती किती लागली, हे दुसरे; त्यास समावेशकता म्हणावे. सामान्यतः एक वाढविली की दुसरी घटते. आता वर उल्लेखिलेली चिन्हे या दृष्टीने पाहिली तर असे दिसून येते की, ती सर्व अचूकता वाढविणारी, म्हणजेच क्षेत्र आकुंचित करणारी आहेत. क्षेत्र विस्तारणारे ठळक साधन एकच, ते म्हणजे मोठ्या रोमन अक्षरांत लिहावयाचे ‘ऑर’ हे विकल्पवाचक पद. आणि मार्गदर्शक त्याचा उल्लेख बहुधा शेवटी, एका ओळीत करतात. ज्या विद्यार्थ्यास आपल्यापुढे कोणते मार्ग आहेत हेच ठाऊक नाही, त्याच्या हाती आरंभीच आकुंचनाची साधने दिली, तर जे त्याला आधीच ठाऊक होते तेच त्याला अधिक नेटकेपणाने सापडणार, दुसरे काय?

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि भाषांतराच्या कामाकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. तो ‘अनुवादक’ हा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोध करतो. परंतु हे काम एका नावाने वावरत नाही. शासकीय कागदपत्रांत कोठे अनुवादक, कोठे भाषांतरकार. न्यायालयीन आस्थापनेत भाषांतरकाराच्या जोडीला दुभाषी. लोकसभेच्या सचिवालयात इंग्रजी ‘इंटरप्रिटर’. संगणकक्षेत्रातील कंपन्यांत ‘लोकलायझेशन’ आणि ‘लिंग्विस्ट’. चित्रपट व मालिकांच्या व्यवसायात ‘सबटायटलिंग’. यांपैकी शेवटच्या दोन क्षेत्रांतील काम मराठीचे असले, तरी त्याची जाहिरात पुष्कळदा इंग्रजीत असते. उलट ‘भाषा अधिकारी’ असा शोध केला तर बँकांतील राजभाषा अधिकाऱ्यांच्या जाहिराती पुढे येतात. ते पद हिंदीचे आहे, हे विद्यार्थ्यास अर्हता वाचल्यावर कळते. त्रासून त्याने ‘राजभाषा’ हा शब्द उणे चिन्हाने वगळला तर जी पृष्ठे मराठी राजभाषेविषयी, १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाविषयी किंवा १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाविषयी बोलतात तीही त्याच चाळणीतून गळून पडतात. म्हणजे, शोधाच्या आधी नावांची यादी हवी. आणि ती यादी यंत्र देत नाही. ती कोशांतून, त्या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या बोलण्यातून, एका जाहिरातीत भेटलेला शब्द दुसऱ्या शोधात घालीत गेल्याने तयार होते. कोशकार शब्दसंग्रह करतो त्याहून ही रीत फारशी वेगळी नाही.

मराठीच्या स्वभावाने ही अडचण आणखी वाढते. नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘अनुवादक पद’ हा शब्दसमूह अवतरणात घातला तर ‘अनुवादकांची पदे’ असे लिहिलेली जाहिरात त्यात बसत नाही, आणि शासकीय मराठीत तर दुसरे रूपच अधिक आढळते. लिपीचाही प्रश्न आहे. ‘नोकऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे उतरविला जातो : एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, तर दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी त्या भिन्न अक्षरमालिका आहेत आणि ते त्यांना एकच मानील असा भरवसा धरता येत नाही. युनिकोडपूर्व टंकांत, श्रीलिपीसारख्या प्रणालींत, सिद्ध झालेले जुने दस्तऐवज तर देवनागरी शब्दाने शोधले असता बहुधा हाती लागतच नाहीत. ‘काही आढळले नाही’ या उत्तराचा अर्थ ‘काही नाही’ असा करणे म्हणूनच मराठीच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे.

अवतरणचिन्हांचे खरे सामर्थ्य दुसऱ्या कामात, म्हणजे पडताळणीत, प्रकट होते. आणि मराठी विभागातील विद्यार्थ्यास ते सहज उमगावे. एम. ए. मराठीनंतरच्या संधींविषयी शोध केला असता अनेक पृष्ठे एकमुखाने तीच यादी, त्याच क्रमाने, बहुधा तेच वेतनाचे आकडे सांगतात. इतक्या जणांनी सांगितले म्हणजे खरे असणार, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पाठचिकित्सेचा प्राथमिक नियम असा की, एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी वि. सी. सुखठणकरांनी हस्तलिखितांची उत्तरी व दक्षिणी परंपरांत आणि त्यांच्या उपशाखांत विभागणी केली ती याच कारणाने. पोथ्यांची संख्या मोजून पाठ ठरत नाही. महाजालावरील पृष्ठालाही हीच कसोटी लावता येते. संशयित पृष्ठातील आठ-दहा शब्दांचे एखादे वैशिष्ट्यपूर्ण वाक्य उचलावे, विशेषतः ज्यात एखादी चूक आहे असे, आणि ते अवतरणांत घालून शोधावे. तेच वाक्य, त्याच चुकीसह, पाच ठिकाणी निघाले की त्या पाचांचे कुळ कळते. लेखनिकाची चूकच पोथ्यांचे नाते उघड करते, हा अनुभव येथेही येतो. मूळ पृष्ठ सापडले की ते कोणी, कशासाठी लिहिले हे पाहावे. ते पुष्कळदा एखादा अभ्यासक्रम विकणाऱ्याचे असते. शोधाच्या उत्तरादाखल यंत्राने स्वतःच रचलेला गोषवारा वर देण्याची जी पद्धत २०२४ पासून भारतातही सुरू झाली आहे, तिच्यात हा वंशवृक्ष विद्यार्थ्याच्या नजरेआड होतो. दहा प्रतींचा एक सुबक परिच्छेद तेवढा उरतो.

‘साइट’ व ‘फाइलटाइप’ यांची जोडीही पडताळणीसाठी फार गुणाची आहे, मात्र मार्गदर्शक ती जाहिराती शोधण्यापुरती सुचवितात. जाहिरात ही क्षणिक वस्तू आहे. शासकीय स्थळांपुरता शोध मर्यादित करून आणि पीडीएफ दस्तऐवज मागून पदनामाबरोबर ‘सेवाप्रवेश नियम’ हे शब्द घातले तर त्या पदाची अर्हता, वयोमर्यादा, पदोन्नतीने व सरळसेवेने भरावयाचे प्रमाण हे सारे मूळ स्वरूपात वाचावयास मिळू शकते. वार्षिक अहवालांत व आकृतिबंधाच्या शासन निर्णयांत मंजूर पदांची संख्या असते. एखाद्या कार्यालयात एखादे पद एकच आहे आणि ते सरळसेवेने भरले जात नाही, ही गोष्ट कोणत्याही आकर्षक यादीत आढळणार नाही. ती या रूक्ष कागदात असते. दस्तऐवज छायाप्रतीच्या रूपात चढविला असेल तर त्यातील अक्षरे यंत्राला वाचता येतीलच असे नाही, म्हणून शोध निष्फळ ठरल्यास त्या कार्यालयाच्या स्थळावर जाऊन सूची हाताने चाळण्याला पर्याय नाही. २०१९ मध्ये आलेल्या ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या कालदर्शक चिन्हांवरही फार भिस्त ठेवू नये. ती यंत्राला उमगलेली पृष्ठाची तारीख मानतात, दस्तऐवजावरील तारीख नव्हे.

या तंत्राचे व्याकरण स्थिर नाही, हेही मार्गदर्शनपर लेखनात क्वचितच सांगितलेले असते. गूगलने अधिक चिन्हाचा जुना उपयोग २०११ मध्ये बंद केला. समानार्थी शब्दांसाठी असलेले नागमोडी चिन्ह २०१३ मध्ये गेले. पृष्ठाची साठविलेली प्रत दाखविणारे ‘कॅश’ हे पद २०२४ मध्ये निकामी झाले. नागमोडी चिन्ह हे समावेशकता वाढविणाऱ्या मोजक्या साधनांपैकी एक होते, हा योगायोग खेदजनकच म्हणावा लागेल. मागे घेतलेली जाहिरात आता पाहावयाची तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’कडे जावे लागते, आणि तेथे ती असेल तरच मिळते.

शेवटी एक गोष्ट यंत्राच्या कक्षेबाहेरची. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांची निकड एकाएकी भासली. त्यापूर्वीच्या वर्षी कोणी कितीही कुशलतेने शोध केला असता, तरी मोडीवाचन हे इतक्या तातडीने मागितले जाणारे काम म्हणून त्याच्यापुढे आले नसते. ज्यांना त्या वेळी ते काम करता आले त्यांनी मोडी त्याआधीच शिकून ठेवली होती. कोणी पुराभिलेखागाराच्या वर्गात, कोणी केवळ हौसेने.