काडी उत्तर देते, चिंधी देत नाही

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधला तुमचा सगळ्यात आवडता आलेख काढा आणि त्याची काळी-पांढरी झेरॉक्स मारून आणा. मी हे कधीच केलं नव्हतं. एका बैठकीत माझ्या अहवालाची झेरॉक्सच सगळ्यांसमोर आली. सोयाबीनच्या चार वाणांच्या वाढीच्या चार रेषा होत्या. स्क्रीनवर लाल आणि हिरवी कशा ठसठशीत दिसायच्या! कागदावर दोन्ही सारख्याच करड्या झाल्या. "यातला तुमचा वाण कोणता?" असं विचारल्यावर मलाच सांगता येईना. तीन हंगाम उन्हात उभं राहून घेतलेली मापं त्या दिवशी कुणालाच वाचता आली नाहीत.

त्या दिवाळीत वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले, तर आजी गोधडीसाठी चिंध्या निवडत बसली होती. तिचे दोनच ढीग होते, एक उजळ आणि एक मळखाऊ. लाल लुगड्याचा तुकडा आणि हिरव्या परकराचा तुकडा, दोन्ही मळखाऊत. मी म्हटलं, "आजी, हे रंग वेगळे आहेत ना?" ती म्हणाली, "रंग वेगळे असून काय करतं वं? दुरून तं एकच दिसून राह्यलं." माझा आलेख जिथे फसला, नेमकं तेच ती सांगत होती. रंगाची जात वेगळी आणि त्याचा उजळपणा वेगळा.

मग मी जोसेफ अल्बर्स यांचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' परत काढलं. १९६३ चं हे पुस्तक डिझाइनच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं, आपल्याकडे विज्ञान शाखेत त्याचं नावही कुणी काढत नाही. अल्बर्स यांनी आधी जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये आणि पुढे अमेरिकेत शिकवलं. त्यांची पद्धत अशी की, सिद्धान्त नंतर, आधी हात. रंग कालवत बसायचं नाही. मिळेल तो रंगीत कागद, अगदी झाडाची गळलेली पानंसुद्धा, शेजारी-शेजारी ठेवून बघायची. दोन कागदांतला गडद कोणता, एवढं साधं विचारलं तरी बहुतेकांचं चुकतं, हे ते वर्गात दाखवून देत.

पुस्तकाची ताकद इथेच आहे. एकाच चिंधीचे दोन चौकोन कापा, एक गडद कापडावर ठेवा, एक फिक्या कापडावर. चौकोन तेच, पण दिसतात वेगळे. हे वाचून पटत नाही, करून पटतं. नकाशातल्या रंगांची सूची बाजूला देऊन आपण निर्धास्त असतो. पण शेजारचा रंग बदलला की वाचणाऱ्याला सूचीतला रंग नकाशात सापडेलच, असं नाही.

पण हे पुस्तक डोळे मिटून स्वीकारू नका. १९८१ मध्ये ॲलन ली यांनी 'लिओनार्दो' या नियतकालिकात त्याची सविस्तर चिकित्सा केली. रंगमिश्रणाबद्दलची आणि संवेदनेबद्दलची अल्बर्स यांची काही विधानं विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाहीत, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. अल्बर्स यांचे प्रयोग खरे आहेत, त्यांमागची कारणं मात्र तपासून घ्यावी लागतात. प्रात्यक्षिक आणि स्पष्टीकरण वेगळं ठेवायला आपण शिकणार नाही तर कोण शिकणार?

माझी दुसरी तक्रार जास्त मूलभूत आहे. अरविंद गुप्तांचे खेळ तुम्ही शाळेत केले असतील. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ठाम राहतो. तिथे वस्तू स्वतःच उत्तर देते, गुरुजींची गरज नाही. दृश्य मांडणीत तसं होत नाही. चिंध्या कशाही ठेवल्या तरी चिंध्या काही बोलत नाहीत. उत्तर बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं आणि आपला डोळा आधीच फितूर असतो, कारण काय दिसायला हवं हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून दुसरा माणूस नसेल तर ही पद्धत अर्धीच राहते. अल्बर्स यांच्याकडे वर्गभर डोळे होते. घरी एकट्यानं पुस्तक वाचणाऱ्याकडे ते नसतात.

'टाकाऊतून टिकाऊ'च्या नावाखाली आपण शाळेत जे केलं, त्यात तर हा प्रश्नच येत नव्हता. बाटलीला लोकर गुंडाळली, सुंदर दिसली, बक्षीस मिळालं. काय बदललं म्हणून काय दिसलं, हे कुणी विचारलंच नाही.

तेव्हा प्रयोगासारखं करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सोयाबीनचे सोळा दाणे चार-चारच्या ओळींत, सारख्या अंतरावर ठेवा. आता फक्त उभ्या रांगांमधलं अंतर वाढवा. लगेच चार खांब दिसतील. मग एकाआड एक आडवी ओळ तुरीच्या दाण्यांची करा. आता रंग आडवं खेचतो, अंतर उभं खेचतं. मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडलेले जवळीक आणि साम्य यांचे नियम हेच. कोणत्या अंतराला आडव्याचं उभं होतं, ते पट्टीनं मोजा, आणि घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारा.

एक गोष्ट मात्र अशा खेळांतून आपोआप कळत नाही, ती म्हणजे संख्या. दुप्पट व्यासाच्या भाकरीला, जाडी तीच ठेवली तर, चौपट पीठ लागतं. पण नुसती बघून ती चौपट वाटत नाही, बरीच कमी वाटते. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल यांनी १९८४ मध्ये वाचनाच्या अचूकतेची जी उतरंड मांडली, तिच्यात समान मापपट्टीवरचं स्थान सगळ्यात वर, मग लांबी, आणि क्षेत्रफळ त्याच्याही खाली. कितीही सुंदर गोधडी शिवली तरी हे त्यातून हाती लागणार नाही. त्यासाठी ते संशोधनच वाचावं लागेल.

तर पुस्तक घ्यावं का? घ्या, पण चिंध्यांशिवाय वाचू नका, आणि चिंध्या एकट्यानं मांडू नका. मी आता चार रेषा चार प्रकारच्या काढते, अखंड, तुटक, ठिपक्यांची आणि जाड, आणि नाव रेषेच्या टोकालाच लिहिते. नवा आलेख आजीला दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नाही. कोणती रेष सगळ्यात वर गेली, ते तिनं बोट ठेवून बरोबर सांगितलं. मग विचारलं, "हे पीक कोन्या वावरातलं?"

ते मी आलेखावर लिहिलंच नव्हतं.