हलबी बोली आणि ‘लिंग्विस्टिक सर्व्हे’ची वांटणी

ग्रिअर्सनसाहेबांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेची थोरवी सर्वमान्य आहे. तथापि तींतील एका वांटणीची फेरतपासणी वैनगंगेकांठच्या संशोधकांनीं केली पाहिजे, असें आमचें मत आहे.

भंडारा जिल्ह्यापासून बस्तरापर्यंत विखुरलेल्या हलबीस, तसेंच नहारी, भुंजिया व कमारी या तिच्या आप्त बोलींस, १९०५ सालच्या सातव्या म्हणजे मराठीच्या खंडांत जागा मिळाली. हलबीस लागूनच असलेली भतरी मात्र १९०३ सालच्या पांचव्या खंडाच्या दुसऱ्या भागांत उडियाच्या पदरीं गेली. हलबींत उडिया, छत्तीसगढी व मराठी यांचें मिश्रण आहे हें ग्रंथकर्त्यांस ठाऊक होतें. तरी छापील खंडांची भिंत मध्यें आली ती आलीच. १९११ नंतर शंभर वर्षांनीं, २०११ च्या जनगणनेंतही भतरी उडियाखालींच मोजली गेली. हलबी तेवढी मराठीपासून स्वतंत्र झाली. तिचे भाषिक ७,६६,२९७ भरले.

मराठीकडे ओढणारा पुरावा म्हणजे हलबीचा षष्ठीचा ‘चो’ प्रत्यय. ‘मोचो’ म्हणजे माझा. आमच्या ‘चा-ची-चें’शीं त्याचें साम्य उघड आहे, परंतु मराठींतील प्रत्यय लिंगवचनानुसार फिरतो आणि हा ‘चो’ जागचा हालत नाहीं. एवढ्या एका खुणेवर कुळ ठरविणें धाडसाचें होय. कित्येक भाषापंडित आतां हलबीस पूर्वेकडील शाखेंत घालतात.

दुसरा आक्षेप साधनांविषयीं. सर्व्हेची मुख्य भिस्त बायबलांतील उधळ्या पुत्राच्या कथेच्या भाषांतरांवर होती. परकी कथा शब्दशः उतरवितांना बोलीचें स्वाभाविक वळण कितपत टिकतें? शिवाय हलबा हें जमातीचें नांव. परंतु बस्तरांत हलबी अनेक जातिजमातींची व्यवहारभाषा आहे. म्हणून जातीच्या शिरगणतीवरून बोलीची व्याप्ति ठरत नाहीं.

सर्व्हेंतील भंडाऱ्यांत १९९९ सालीं वेगळा झालेला गोंदियाही येतो, हें ध्यानांत ठेवून आमच्या संग्राहकांनीं दोन्ही जिल्ह्यांत मोडी दफ्तरांबरोबर हलबांची गाणीं, शेतांचीं नांवें व नात्यांचे शब्द टिपून घ्यावेत. जीर्ण पोथीची नक्कल करतां येते. बोलणारीं माणसें गेल्यावर बोलीची नक्कल कोणापासून करणार?