राजवाड्याबाहेरचे संस्थान

यंदा शाहूजयंतीला आमच्या शाळेत मुलांची भाषणे झाली. राजवाडा, हत्ती, खासबागेतले कुस्त्यांचे मैदान, सारे काही आले. शेवटी पाचवीतला एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, तेव्हा आमचे पणजोबा काय करीत होते?" हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. संस्थानी जीवनावरच्या आपल्या साऱ्या ललित वाङ्मयालाच तो प्रश्न विचारायला हवा होता.

आपल्या कादंबऱ्यांतले संस्थान बहुधा देवडीपाशी सुरू होते आणि जनानखान्यात संपते. मधे एखादा कारस्थानी कारभारी, दत्तकाचा तंटा आणि शिकारीचा प्रसंग. माझ्याही पहिल्या कादंबरीत हे सगळे आहे. तेव्हा ही टीका प्रथम माझ्यावरच आहे.

चरित्रकारांनी याहून पुष्कळ केले. अण्णासाहेब लठ्ठ्यांनी शाहू महाराजांना जवळून पाहून लिहिले, धनंजय कीरांनी कष्टाने साधने जमवून लिहिले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण चरित्राला नायक एकच असतो. हुकूम कोणी काढला, हे चरित्र सांगते; तो हुकूम ज्या उंबऱ्यावर पोचला, त्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले, हे कादंबरीकाराने सांगायचे असते.

१९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. रोजावर जगणाऱ्या बापाला तो रुपया काय वाटला असेल? पोरगा शाळेत गेला, तर म्हसरामागे कोण जाणार? १९१८ साली कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. ज्याच्या घरातून दप्तर उठले त्याची ती रात्र आणि ज्याच्या मानेवरचे जोखड सैल झाले त्याची ती सकाळ, अशी एका हुकुमात दोन घरांची कथा आहे. १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे गाडीत घालून आलेल्या शेतकऱ्याच्या हाती अडत, तोलाई आणि आधीची उचल वजा जाता काय उरले, हा हिशेब आमच्या कुठल्या कादंबरीत आहे?

गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. अस्पृश्य म्हणून छळ सोसलेल्या माणसाला महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला. गोष्ट खरी आणि थोर आहे. पण ती महाराजांच्या कपापाशीच थांबते. महाराजांची गाडी निघून गेल्यावर त्या दुकानात कोण आले, कोण रस्ता ओलांडून पलीकडून गेले, संध्याकाळी गल्ल्यात किती पडले? गंगारामांची खरी लढाई तिथून पुढची. ती लिहिली गेली नाही, कारण तिच्यात राजा नाही.

यात महाराजांना उणेपणा येतो असे कोणी समजू नये. प्रजेने ताठ उभे राहावे म्हणूनच ते झटले. त्यांच्यामागे, १९३९ साली, जयसिंगपुरास प्रजा परिषद भरली. माधवराव बागलांसारख्यांनी शेतसाऱ्याचे गाऱ्हाणे सरकारदारी मांडले. मागणारी, भांडणारी ही प्रजा म्हणजे महाराजांच्याच पेरणीचे पीक, असे मी मानतो. आम्ही मात्र पेरणाऱ्याच्या आरत्या गात बसलो आणि पिकाकडे पाहिले नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. या दिवाळीत फराळाला जमाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना राजवाड्याचे नव्हे, घरच्या सालाचे, साऱ्याचे आणि सावकाराचे विचारा. त्या पोराला मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढची कादंबरी त्याच्या पणजोबांवर लिहावी म्हणतो.