१० टक्के ‘ऑप्टिमम’ म्हणजे नेमकं काय? माझ्याच एम. ई.च्या प्रबंधाचं परीक्षण



मागच्या महिन्यात चिखलीतल्या एका पेव्हर ब्लॉक बनवणाऱ्या काकांनी मला गाठलं. त्यांच्या पुतण्याने माझा एम. ई.चा प्रबंध कुठूनतरी मिळवला होता. काका म्हणाले, "सर, तुम्ही लिहिलंय की फाउंड्रीची वाळू दळून १० टक्के सिमेंटच्या जागी टाकली तरी ताकद कमी होत नाही, उलट वाढते. मग टाकू का? गोणीमागे पाच किलो सिमेंट वाचेल."

मला ‘टाका’ म्हणता येईना. प्रबंधाला चांगले गुण मिळाले होते, तक्ते नीटनेटके होते, आणि तरीही ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे त्याला तो निष्कर्ष वापरा असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी घरी येऊन प्रबंध पुन्हा वाचला, दुसऱ्याचा समजून. ‘सिमेंटच्या जागी टाकाऊ पदार्थ’ हा विषय तुमच्यापैकी अनेक जण घेणार आहात, म्हणून ते परीक्षण इथे मांडतोय.

आधी या विषयाचा साचा बघा. तुम्ही असे दहा शोधनिबंध वाचले असतील तर तो पाठ झाला असेल. जवळपास मिळणारा एखादा टाकाऊ पदार्थ घ्यायचा. दळायचा, चाळायचा. सिमेंटच्या ०, ५, १०, १५, २० टक्के जागी टाकायचा. ७ आणि २८ दिवसांनी क्यूब फोडायचे. आलेख वर जातो, मग खाली येतो. शिखर १० टक्क्यांवर असतं, त्याला ‘ऑप्टिमम’ म्हणायचं. माझाही प्रबंध असाच होता. भोसरी-चाकण पट्ट्यात कास्टिंगचे कारखाने भरपूर, त्यामुळे वापरून झालेली काळी वाळू मिळायला अडचण नव्हती.

पहिला प्रश्न : फरक खरा आहे का?

समजा कंट्रोल मिक्सची सरासरी ताकद ३२ आली आणि १० टक्क्यांच्या मिक्सची ३३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. फरक पाच टक्क्यांच्याही आत. आता आयएस ४५६ उघडा. एका नमुन्याच्या तीन क्यूबमध्ये सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक तिथे मान्य आहे. म्हणजे ३२ सरासरी असलेल्या मिक्सचा एखादा क्यूब २८ ला फुटला आणि दुसरा ३६ ला, तरी नमुना बाद होत नाही. मग तीन-तीन क्यूबच्या जोरावर दीड न्यूटनच्या फरकाला ‘वाढ’ कसं म्हणायचं? माझ्या तक्त्यात फक्त सरासऱ्या होत्या. प्रमाण विचलन दिलेलंच नव्हतं. कुणी विचारलं नाही, मीही दिलं नाही.

दुसरा प्रश्न : एकच गोष्ट बदलली का?

सिमेंट ३५० किलो आणि पाणी १७५ किलो प्रति घनमीटर धरा. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. आता १० टक्के सिमेंट काढलं, म्हणजे ३५ किलो. उरलं ३१५. पाणी तेवढंच. तुमची पावडर जर काहीच करत नसेल, तर खरं गुणोत्तर १७५ भागिले ३१५, म्हणजे जवळजवळ ०.५६ झालं. ताकद घसरायलाच हवी. माझी घसरली नाही, म्हणून मी खूश झालो आणि लिहिलं, ‘पोझोलॅनिक अभिक्रियेमुळे’.

प्रबंध पुन्हा वाचताना एका तळटीपेवर अडकलो. ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट माती असते. ती पाणी शोषते, मिक्स घट्ट होतं. स्लम्प जुळवायला मी १० टक्क्यांच्या मिक्सपासून पुढे सुपरप्लास्टिसायझर घातला होता. कंट्रोलमध्ये नव्हता! सुपरप्लास्टिसायझर सिमेंटचे कण मोकळे करतो, काँक्रीट साच्यात नीट बसतं. मग ती ताकद वाळूची की रसायनाची? माझ्या प्रयोगातून हे कळायला मार्गच नाही.

तिसरा प्रश्न : पदार्थ खरंच काम करतोय का?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. सिमेंटच्या जागी बारीक पावडर टाकली की तीन गोष्टी घडू शकतात. सिमेंट कमी झाल्याने ताकद घटते. बारीक कण पोकळ्या भरतात आणि उरलेल्या सिमेंटला जास्त पृष्ठभाग देतात, त्यामुळे सुरुवातीला थोडी ताकद मिळते. आणि पदार्थ पोझोलॅनिक असेल तर तो सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी अभिक्रिया करून नवा बंधक तयार करतो. पहिल्या दोन गोष्टी कुठलीही पावडर करते. तिसरी मात्र सगळ्यांना जमत नाही.

फाउंड्रीची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. रासायनिक विश्लेषणात सिलिका भरपूर दिसते आणि आपण फसतो. फ्लाय ॲशमधली सिलिका बरीचशी काचरूप असते, तिची रचना विस्कळीत असते, म्हणून ती चुन्याशी अभिक्रिया करते. क्वार्ट्झची जाळी पक्की असते, नेहमीच्या तापमानाला ती जवळजवळ निष्क्रिय राहते. ‘सिलिका किती’ यापेक्षा ‘कुठल्या रूपात’ हे विचारायला हवं होतं. एक एक्स-रे डिफ्रॅक्शन केलं असतं तर उत्तर पहिल्याच महिन्यात मिळालं असतं.

यावर स्वस्त उपाय आहे : निष्क्रिय कंट्रोल. तेवढीच बारीक दळलेली शुद्ध क्वार्ट्झ पावडर घ्या आणि तेवढ्याच टक्क्यांनी एक जादा मिक्स करा. दोन्हींची ताकद सारखी आली तर तुमचा पदार्थ फक्त जागा भरतोय. दुसरा उपाय, ९० दिवसांपर्यंत थांबा. पोझोलॅन साधारणपणे ७ दिवसांना मागे असतं आणि पुढे भरून काढतं. फायदा ७ दिवसांनाच दिसून नंतर वाढत नसेल तर तो भरावाचा फायदा. तिसरा, आयएस १७२७ मधली चुना-अभिक्रियता चाचणी. ५० मिमीचे क्यूब, दहा दिवसांचं काम, बहुतेक कॉलेजांच्या लॅबमध्ये होण्यासारखं. फ्लाय ॲशसाठी आयएस ३८१२ मध्ये किमान ४.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. ही अट आहे. तुमचा पदार्थ तिथपर्यंत पोचतो का ते आधी बघा, क्यूब मागाहून.

चौथा प्रश्न : कुठल्या सिमेंटच्या जागी?

मी लॅबमध्ये ओपीसी ५३ वापरलं. काका पीपीसी वापरतात. आयएस १४८९ नुसार पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश आधीच असते. म्हणजे माझ्या ‘१० टक्के’चा अर्थ त्यांच्या गोणीत वेगळा होतो, तिथलं क्लिंकर आधीच कमी केलेलं आहे. शिवाय मी फक्त क्यूबची ताकद मोजली. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ मध्ये पाणी शोषणाची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे, घासून झिजण्याचीही चाचणी आहे. मातीमिश्रित पावडरीने या दोन्हींचं काय होईल, याबद्दल माझ्या प्रबंधात एक ओळ नाही.

आणि नमुना? तो मी कुदळवाडीतल्या रस्त्याकडेच्या ढिगातून दोन पोत्यांत आणला होता. कुठल्या कारखान्याची वाळू, बेंटोनाइटची की रेझिनची, नोंद नाही. फ्युरान रेझिनच्या वाळूत गंधक येऊ शकतं, फिनॉलिक रेझिनच्या वाळूतून फिनॉल झिरपू शकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगार गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली. तो ढीग आता कुणालाही सापडणार नाही. म्हणजे माझा प्रयोग कुणाला पुन्हा करताही येणार नाही.

याचा अर्थ हा विषयच पोकळ आहे असं मुळीच नाही. एक टन क्लिंकरमागे साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडीतूनच येतो. भट्टीचं इंधन बदलून तो जात नाही, क्लिंकरच कमी करावं लागतं. फ्लाय ॲश आणि स्लॅग मानकांत आले, कारण त्यांची अभिक्रिया, टिकाऊपणा आणि पुरवठा तिन्ही तपासले गेले. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-थ्री सिमेंट घ्या. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलसोबत आपल्या आयआयटींनी त्यावर अनेक वर्षं काम केलं, तेव्हा कुठे २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक आलं.

फाउंड्रीच्या वाळूलाही जागा आहे, पण ती वाळूच्या जागी. दळायला वीज घालवून तिला सिमेंटचं सोंग मी दिलं, कारण ‘सिमेंट रिप्लेसमेंट’ हे शीर्षक वजनदार वाटलं. खरं कारण एवढंच.

काकांना मी सांगितलं, "सिमेंट कमी करू नका. एकाच कारखान्याची वाळू मिळत असेल तर आधी तिची झिरप-चाचणी करून घेऊ. ती पास झाली तर क्रश सँडच्या थोड्या हिश्श्याच्या जागी टाकून ट्रायल ब्लॉक पाडू, पाणी शोषण आणि झीज मी तपासून देतो."

काका म्हणाले, "म्हणजे पुस्तकातलं चुकलं का?"

"आकडे बरोबर आहेत, काका. त्यावरून मी जे म्हटलं ते चुकलं."

तुम्ही अजून विषय ठरवत असाल तर पाच टक्केवाऱ्यांऐवजी दोनच घ्या. वाचलेले क्यूब निष्क्रिय कंट्रोलला आणि ९० दिवसांना द्या. प्रत्येक मिक्समधलं ॲडमिक्श्चर लिहा, नमुन्याचा कारखाना आणि तारीख लिहा. उत्तर ‘हा पदार्थ सिमेंटची जागा घेत नाही’ असं आलं तरी ते छापा. मला ते वेळेत वाचायला मिळालं असतं तर काकांसमोर मान खाली घालायची वेळ आली नसती.