तिच्यामागे घर कोण सांभाळणार?

व्यसनावरचे मराठी लेखन वाचताना मला एक सवय लागली आहे. रुग्ण उपचारासाठी दाखल झाला, की मी त्याच्या घराकडे पाहते. चूल कोण पेटवते, मुलांना शाळेत कोण पोचवते, दारात आलेल्या देणेकऱ्याला उत्तर कोण देते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच : बायको किंवा आई. ती घरी थांबते म्हणून तो केंद्रात थांबू शकतो. मग व्यसन तिलाच असेल तर? हा प्रश्न आपल्या साहित्याने फारसा विचारलेला नाही आणि त्याची किंमत उपचारांतही मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

या चित्राचा माग काढत गेले, तर आपण १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'पाशी पोचतो. सुधाकर पितो, सिंधू माहेरचे सुख नाकारून दळणे दळते आणि मरतानाही नवऱ्याला वाचवू पाहते. बालगंधर्वांनी ही सिंधू प्रेक्षकांच्या मनात कायमची बसवली. नाटकाची ताकद निर्विवाद आहे. पण त्याबरोबर एक वाटणीही पक्की झाली : व्यसन पुरुषाचे, सोसणे बाईचे. पिणाऱ्या बाईला या वाटणीत जागा नाही. ती दिसलीच तर वाया गेलेली म्हणून दिसते. आजारी म्हणून क्वचितच.

अनिल अवचट यांच्या 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकांनी व्यसनी माणसाला माणूस म्हणून, रुग्ण म्हणून पाहायला शिकवले, हे मोठेच काम. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. त्याला आकार दिला तो डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी. पुढे ते सांभाळले त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी. तरीही पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात राहतात ते पुरुष रुग्ण. बाई आठवते ती डॉक्टर म्हणून आणि त्याहून जास्त पत्नी म्हणून. मुक्तांगणमधल्या पत्नींच्या गटाचे नाव 'सहचरी'. नाव सुंदर आहे. पण व्यसनी बायकोचा 'सहचर' होऊन किती नवरे असे गटात येऊन बसतील? हा लेखकावर आरोप नाही. जे समोर आले, ते त्यांनी लिहिले. बाई उपचाराला समोर येतच नव्हती, हीच खरी मेख. संस्थेने ती ओळखली आणि २००९ मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा विभाग सुरू केला, स्थापनेनंतर २३ वर्षांनी.

आकड्यांतही बाई नाहीशी होते. केंद्र सरकार आणि 'एम्स' यांच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर स्त्रिया १.६ टक्के. पण त्याच अहवालात पिणारे एकूण सुमारे १६ कोटी आणि १७ पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण आहे. हिशेब केला, तर पिणाऱ्या स्त्रिया ऐंशी-नव्वद लाखांच्या घरात जातात. त्या सगळ्या व्यसनी नाहीत, हे खरे. पण घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नाला सासूसमोर किती जणी खरे उत्तर देतील, हाही प्रश्न आहेच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. बातम्यांत येतात ती पोरे. समजा, इथल्या एखाद्या बाईला उपचारासाठी पुण्याला जायचे आहे. मुक्तांगणमधला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पुरुष गेला, तर 'कामानिमित्त बाहेरगावी' एवढ्यावर निभते. बाई दिसली नाही, की पहिल्या आठवड्यात गल्ली विचारते, दुसऱ्या आठवड्यात सासर. मग मुलाला ताप आल्याचा फोन येतो आणि ती पिशवी भरते. आपण म्हणतो, हिची इच्छाशक्ती कमी पडली. मला हे निदान चुकीचे वाटते. तिला घराने ओढून नेलेले असते.

म्हणून तिला टिकवणाऱ्या गोष्टी औषधांच्या चिठ्ठीत सापडत नाहीत. पहिली गोष्ट मूल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका निवासी केंद्रात कोकेनचे व्यसन असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले आणि एका गटाला मुले सोबत ठेवू दिली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटातल्या स्त्रिया सरासरीने जवळपास तिप्पट काळ टिकल्या. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारातच धरतो. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करू नये, असेही सांगतो. तरतूद चांगली आहे. पण चार वर्षांच्या मुलाचे काय?

दुसरी गोष्ट, या वाटेने आधी गेलेली बाई. मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसे पुढे कार्यकर्ते होतात. पुरुषाला असा आपल्यातला माणूस लगेच भेटतो. बाईला ती भेटायची, तर आधी पुरेशा बायका बऱ्या व्हाव्या लागतात. घरातल्या मारहाणीबद्दल, अंगावर आलेल्या हाताबद्दल ती पुरुषांच्या गटात बोलणार नाही. आणि मनातले तसेच राहिले, तर पुन्हा नशेकडे वळायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. नवरा, बहीण, सासू, कोणीतरी एकाने म्हणायला हवे, "तू राहा, इथलं मी बघते." एवढे एक वाक्य पाठीशी असेल, तर मुलाच्या तापाचा फोन आला तरी ती पिशवी भरणार नाही.

पुढेमागे कोणी मराठी लेखक व्यसनी बाईवर कादंबरी लिहील. तिला केंद्रात पोचवून त्याने थांबू नये. एक प्रकरण तिच्या घरावर लिहावे आणि त्या ३५ दिवसांत तिथे भाकरी कोण थापत होते, तेही सांगावे.