गुंता, जट आणि आपली समीक्षा

दलित साहित्याने सौंदर्याचे प्रस्थापित निकष नाकारले, असे आपण गेली पन्नास वर्षे लिहीत-बोलत आलो आहोत. शरद पाटील यांनी १९८८ मध्ये अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र मांडले, शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये दलित साहित्याचे. या चर्चेत जाणीव आली, बांधिलकी आली, वेदना आणि नकार आले. परंतु ज्या देहावर हे प्रस्थापित निकष रोज सकाळी आरशासमोर चालवले जातात, त्या देहाकडे आपली समीक्षा फारशी वळली नाही. मला येथे त्या देहाच्या एका क्षुल्लक मानल्या गेलेल्या भागाविषयी, म्हणजे केसांविषयी आणि त्यांच्या घरच्या निगेविषयी लिहायचे आहे. हा बायकी विषय आहे असे कोणी म्हणेल. म्हणो. भाकरी भाजणे हेही बायकीच काम होते, आणि भाकरीवर आपल्याकडे कविता कमी लिहिल्या गेलेल्या नाहीत.

आधी भाषा पाहू. मराठीत कुरळ्या केसांसाठी दोन शब्दसंग्रह आहेत. देवाच्या, राजपुत्राच्या किंवा कादंबरीतल्या नायकाच्या डोक्यावर ते ‘कुरळे कुंतल’ असतात. तेच केस उन्हात खडी फोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर आले की ‘झिंज्या’ होतात, तिची मुलगी ‘झिपरी’ होते. केस तोच, त्याचा वळसाही तोच. बदलते ते फक्त डोके कोणाचे आहे एवढेच. सुंदर स्त्रीचे केस मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांनी बहुधा एकाच साच्यातून काढले: लांबसडक, काळेभोर, रेशमी. मी शाळेत असताना एका बाईंनी साऱ्या वर्गासमोर मला ‘झिपरी’ म्हटले होते. त्या दिवशी डोक्याला तेल होते, वेण्या दोन होत्या, रिबिनी धुतलेल्या होत्या. त्यांना आणखी काय हवे होते, हे मला बराच काळ उलगडले नव्हते.

मराठी कादंबरीने केसांच्या निमित्ताने अश्रू ढाळले नाहीत असे नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधल्या यमूचे सक्तीने केशवपन होते आणि त्या प्रसंगाने एका पिढीचे काळीज हलवले. त्याच सुमारास, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा पवित्रा घेतला. ही सत्यशोधकी परंपरेची मोठी गोष्ट आहे. तिच्या शेजारी दुसरीही गोष्ट ठेवली पाहिजे. ब्राह्मण विधवेच्या डोक्यावर सक्तीने फिरणारा गावचा वस्तरा अस्पृश्याच्या डोक्याला मात्र लागत नव्हता. आपल्या माणसांनी आपापसांत एकमेकांची डोकी भादरली.

आता आपट्यांच्या शेजारी राजन गवस यांची ‘चौंडकं’ (१९८५) ठेवून पाहा. ही सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलीची कथा. तिच्यावर आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या जोगत्याच्या कादंबरीवर राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला. त्यातल्या सुलीच्या केसांत जट दिसते, आणि देवीने बोलावले आहे असे ठरून तिचे आयुष्य काढून घेतले जाते. यमूचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढले जातात. सुलीचे केस काढायला कोणाला परवानगी नसते. एकीकडे केस काढणे हा धर्म, दुसरीकडे केसाला कात्री न लावणे हा धर्म. डोके ज्या बाईचे, तिला दोन्हीकडे विचारलेले नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मध्ये थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला सोडण्याची चाल येते. तोही केस वाढवतो, कारण ते आता त्याचे राहिलेले नसतात.

या लेखनाविषयी मला आदर आहे. परंतु माझी तक्रारही येथेच आहे. आपल्या साहित्यात जट येते ती एकदम येते. ती दिसते, हाहाकार होतो, आणि कथा पुढे धावते. जटेच्या आधीचे आठवडे कोठे आहेत? जट एका रात्रीत आकाशातून पडत नाही. केस कुरळा किंवा राठ असेल तर टाळूचे तेल त्याच्या वळशांवरून टोकापर्यंत उतरत नाही. टोके कोरडी राहतात. कोरडा केस केसात अडकतो. रोज गळणारे पन्नास-शंभर केस विंचरले गेले नाहीत तर तेही त्यातच अडकून राहतात. वर घाम, धूळ, चिकट भंडारा. पंधरा-वीस दिवसांत गाठ, दोन-तीन महिन्यांत लोकर दाबून घोंगडे व्हावे तसे कडक दोरखंड. मग त्यात उवा, टाळूला फोड, मानेला ओझे. यात देवी कोठेच नाही. पाण्याची टंचाई आहे, तेलाला पैसे नाहीत आणि मजुरीवरून अंधारात परतणाऱ्या आईला लेकीच्या डोक्यासाठी अर्धा तास मिळत नाही. या सगळ्याला ‘देवीचा कौल’ म्हटले, की मग कोणाला जाब द्यावा लागत नाही.

त्या आठवड्यांत काय करता येते, हे माझ्या आईला ठाऊक होते. ती मुलुंडला चार घरची धुणीभांडी करी. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर राहत होतो. आम्हा दोघी बहिणींचे केस तिच्यासारखेच, स्प्रिंगसारखे. तिचा पहिला नियम असा की कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. आदल्या रात्री खोबरेल तेल, तेही टाळूपेक्षा लांबीला जास्त. सकाळी शिकेकाईचे पाणी. त्यात रिठा अगदी थोडा, कारण रिठ्याने फेस होतो तसा केस कोरडाही पडतो. मग केस ओले असतानाच चार भाग करून आधी बोटांनी गुंता मोकळा करायचा आणि नंतर रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे एकेक वीत वर न्यायचा. मुळापासून खाली ओढला की गाठ घट्ट होते, केस तुटतो आणि पोर रडते. फणी वेगळी, ती उवा-लिखांसाठी, आणि गुंता पूर्ण सुटल्यावरच. पुसायला खरखरीत टॉवेल नाही, जुने मऊ लुगडे. वेणी सैल, कारण रोज करकचून ओढलेल्या वेणीने कपाळावरचे केस कायमचे मागे हटतात. आठवड्यातून एकदा न्हाणे, फार तर दोनदा.

आज ‘कर्ली केसांची निगा’ म्हणून जे सांगितले आणि विकले जाते, त्यात याहून फार वेगळे काही नाही. शिकेकाईच्या जागी सल्फेटविरहित शाम्पू आला, तेलाच्या जोडीला कंडिशनर आला. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत केसांतील प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलानेच कमी झाला. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. पण तिन्हींतले खोबरेलच केसाच्या आत शिरते, हा त्यातला खुलासा पटण्यासारखा आहे.

ही निगा फुकट होत नाही. तिला पाणी लागते. आमच्या वस्तीत नळ पहाटे तास-दीड तास येई, आणि दोन मुलींचे केस धुवायचे म्हणजे चार हंडे जादा. आई रविवारी साडेचारला उठे. ज्यांच्याकडे पालिकेचे पाणी पोहोचत नाही आणि बोअरवेलचा टँकर येतो, त्यांचा केस जड पाण्याने आणखी राठ होतो. ‘आमचे लोक स्वच्छ राहत नाहीत’ असे स्वतःच्याच वस्तीविषयी बोलणाऱ्या आपल्या शिकलेल्या मंडळींनी हंडे मोजावेत. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या समीक्षेला पाण्याचे राजकारण कळते. ते न्हाणीघरापर्यंत यायला काय हरकत आहे?

आता त्याच केसांचे दुसरे टोक. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपरच्या गल्लीपर्यंत पार्लरच्या काचेवर पाट्या दिसतात: रीबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स. माझ्या विद्यार्थिनी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी तेथे जातात. तीन-चार हजारांपासून पुढे, म्हणजे घरातल्या एखाद्या बाईचा महिन्याचा निम्मा पगार. रीबॉन्डिंगमध्ये केसांतील गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, तापल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने ते बंध त्याच स्थितीत पुन्हा जोडतात. टाळूखालच्या मुळाला याचा पत्ताच नसतो. तेथून महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर केस उगवतो, आणि तो पुन्हा कुरळाच उगवतो.

‘दलित पँथर’ हे नाव १९७२ मध्ये ज्या चळवळीवरून घेतले गेले, तिच्या साहित्यात या प्रश्नाला मानाचे स्थान आहे. माल्कम एक्सच्या १९६५ मधील आत्मकथेत कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी घोटून घरीच केलेल्या लगद्याने केस सरळ केल्याचा प्रसंग आहे. टाळू भाजते, आणि आरशात पाहून तो खूश होतो. पुढे त्या आनंदाकडेच तो स्वतःची अप्रतिष्ठा म्हणून पाहतो. आपण त्यांचे नाव घेतले, कवितेचा त्वेष घेतला. केसांचा प्रश्न मात्र तिकडेच ठेवून आलो. तिकडे तो कायद्यापर्यंत गेला. केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करण्यास कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये बंदी घातली.

येथे एक सावधगिरी हवी. कुरळा केस म्हणजे दलित केस नव्हे. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा सिद्धान्त खोडून काढला. त्यांच्यानंतर आपण केसांवरून जात ओळखू लागलो तर ती मोठी फजिती होईल. सरळ केस आपल्यातही आहेत, कुरळे त्यांच्यातही आहेत. फरक पडतो तो कुरळ्या केसाला वेळ, पाणी आणि कौतुक मिळते की टोमणा, येथे.

वर्गात एका विद्यार्थिनीने मला अडवले. “मॅडम, बाबासाहेबांनीच तर राहणी बदला म्हणून सांगितलं होतं. मग मी केस सरळ केले तर कुठे बिघडलं?” प्रश्न चोख आहे, आणि तिला उडवून लावणारे अनेक प्राध्यापक मला माहीत आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे हलक्या धातूचे जड दागिने बदलायला सांगितले. ती ओळखीची खूण होती, इतरांनी लादलेली. ती उतरवून ठेवता येत होती आणि उतरवल्याने बाईचे काही जात नव्हते. वळणदार केस कोणी लादलेले नाहीत. ते उतरवायचे तर दर सहा-आठ महिन्यांनी पैसे मोजून टाळूजवळ रसायन न्यावे लागते. तरीही मी तिला करू नकोस असे म्हटले नाही. मुलाखत घेणारा तिच्या केसांकडे पाहणार आहे, आणि त्याची नजर बदलण्याचे काम तिने एकटीने, पहिल्या पगाराच्या आधी करावे, असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मी तिला माहिती दिली. अनेक ‘केराटिन’ मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणारा ठरवला आहे. दिवसभर तो हुंगते ती पार्लरमधली पोरगी. तिचा विचार आपल्या स्त्रीवादी चर्चेतही कोणी करीत नाही. ‘फॉर्मल्डिहाइडविरहित’ म्हणून येणाऱ्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या क्रीमनंतर एका २६ वर्षांच्या स्त्रीच्या मूत्रपिंडाला तीनदा इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीतून २०२२ मध्ये असा अंदाज निघाला की सरळीकरण कधीच न करणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा करणाऱ्यांत ४.०५ टक्के. आकडा लहान आहे, घाबरून जाण्याजोगा नाही. पण मुलींना तो सांगितला गेला पाहिजे.

आणि केलेच असेल तर? तर मुळाशी नवे उगवलेले कुरळे केस आणि खालचे सरळ केस यांच्या सांध्यावर केस सर्वांत आधी तुटतो. तेथे ओला कंगवा ओढू नये, बोटे वापरावीत. रसायन पुन्हा लावायचे तर फक्त नव्या उगवलेल्या भागाला. जुन्यावर दुसऱ्यांदा चढले की केस हातात येतो. त्याच आठवड्यात रंग लावू नये. टाळूला जखम किंवा खाज असताना तर मुळीच जाऊ नये. सोडून द्यायचे ठरले, तर सगळे केस एकदम कापण्याची गरज नाही. दर महिन्याला दोन बोटे सरळ टोक छाटत गेले की हळूहळू आपला केस परत येतो.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या गावोगाव जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो स्त्रियांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले आहे. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते कापलेल्या जटेचे, हातभर लांब, कागदावर ठेवलेल्या. ते यावेच. पण त्या बाईच्या डोक्यावर आता बोटभर केस आहेत, आणि वीस-तीस वर्षांत तिने कंगवा धरलेला नाही. केस वाढतील तसा गुंता होईल, आणि शेजारीण म्हणेल, बघ, देवी परत आली. त्या घरात रुंद दातांचा कंगवा आहे का, तेल आहे का, दोन हंडे पाणी आहे का, आणि पहिल्या न्हाण्याला तिच्या मागे कोण बसले? त्या न्हाण्याविषयी कोणी कथा, कविता किंवा आत्मकथनातले एखादे पान लिहिले असेल, तर ते मला वाचायचे आहे आणि वर्गात शिकवायचे आहे.