कुठे अडलात, माउली?



आपण वारीच्या वाटेवर भेटलो, एकमेकांच्या पाया पडलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सध्या वाचन काय चालले आहे? त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो : पारायणे किती झाली? पहिला प्रश्न मला फार आवडतो. दुसऱ्याविषयी आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. पण त्यासाठी आधी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

आमच्या वाळूजला सप्ताह बसला होता. वाळूज आता नुसते गाव राहिलेले नाही. औद्योगिक वसाहत आली, तशी बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडची माणसे पोटासाठी इथे आली आणि येताना घरची पोथी घेऊन आली. सप्ताहाला बसणाऱ्यांत निम्मे लोक रात्रपाळी करून, आंघोळ उरकून थेट मंडपात येणारे. सातवा दिवस होता, अठरावा अध्याय. ज्ञानेश्वरीतला हा सर्वांत मोठा अध्याय, अठराशेच्या वर ओव्यांचा. दुपारच्या आत तो संपवून ग्रंथाची दिंडी काढायची होती आणि वाचन पुढे नेण्याचे काम माझ्याकडे होते. स्वकर्म हेच फूल, ते वाहून ईश्वराची पूजा करावी, असे माउली जिथे सांगतात, त्या ओव्या आल्या. तिसऱ्या ओळीतल्या एका माणसाने पोथीवर बोट ठेवले आणि मान वर केली.

“बुवा, थांबा की जरा. मी आठ तास मशीनवर एकच पार्ट काढतो. दिवसाला शेकड्यांनी. त्याचं फूल कसं व्हावं?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “नंतर बोलू. आता पुढं चला.”

पुढे गेलो. अध्याय वेळेत संपला, दिंडी निघाली, पंगती उठल्या. ते ‘नंतर’ काही आले नाही. पुढच्या वर्षी तो माणूस पारायणाला बसला नाही.

माउली, जरा हिशेब करून पाहा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. सात दिवसांत वाचायच्या, म्हणजे रोजच्या साधारण तेराशे. रोज चार तास बसलो, तर एका ओवीच्या वाट्याला अकरा सेकंद येतात. एवढ्या वेळात ओवी उच्चारता येते, तिला प्रश्न विचारता येत नाही. पारायण वाईट आहे, असे मी म्हणत नाही. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिच्या कानात ज्ञानेश्वरी शिरली ती अशाच मंडपात बसून. नाद आधी येतो, अर्थ मागाहून येतो, हेही खरे. पण तो मागाहून यायला आपण दार उघडे ठेवतो का, एवढेच विचारायचे आहे. म्हणून अलीकडे वाळूजमध्ये कोणी भेटले, की मी संख्या विचारत नाही. विचारतो, कुठे अडलात?

या प्रश्नाला मिळालेली उत्तरे तुम्हाला सांगतो, कारण त्यांतून पुस्तकांचीही पारख होते.

सर्वांत जास्त घरांत दिसते ती सोनोपंत दांडेकर मामांची सार्थ ज्ञानेश्वरी. 1953 साली ती निघाली. मामा पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि जोग महाराजांचे शिष्य. शाळा-कॉलेजातली शिस्त आणि फडावरची निष्ठा दोन्ही त्या अर्थात उतरली आहे. पदाला पद लावून, पदरचे काही न घालता ते अर्थ सांगतात. पण एका निवृत्त शिक्षकाने मला सांगितले, “मी ओवी वाचतच नाही हो. डोळा थेट खालच्या अर्थावर जातो.” हा दोष मामांचा नव्हे, आपला आहे. अर्थ ही काठी आहे. काठीने नदीचा तळ पाहायचा, काठीच पिऊन तहान भागत नाही. माउलींच्या दृष्टांतात एक हालचाल असते, ती गद्यात आली की थबकते. म्हणून माझी विनंती अशी : ओवी दोनदा मोठ्याने वाचा, आपल्याला काय कळले ते मनाशी म्हणा आणि मग खाली मामांकडे पाहा. तुमचा अर्थ चुकला तरी चालेल. चुकलेला अर्थ दुरुस्त होतो, न लावलेला होत नाही.

दुसरा ग्रंथ तुकोबारायांचा गाथा. शंकर पांडुरंग पंडितांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेली प्रत पुढे 1950 मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारने छापली. ती, नाहीतर जोग महाराजांचा सार्थ गाथा, आमच्याकडे दिसतो. अभंग साडेचार हजारांच्या घरात. कीर्तना-भजनातून आपल्या ओठांवर आलेले किती? फार तर दोनशे. एका कंपनीच्या बसचे चालक गाथा पहिल्या पानापासून क्रमाने वाचत आहेत. कामगार उतरले की गाडी उभी करून दोन अभंग. ते म्हणाले, “कीर्तनात भेटले ते तुकोबा शांत होते. गाथ्यात भेटतात ते कधी रडतात, कधी भांडतात. मी तिथंच अडलो.” माउली, हे अडणे मोलाचे आहे. दुष्काळात ज्याची बायको अन्नावाचून गेली, दुकानाचे दिवाळे निघाले, त्याने देवाशी भांडू नये तर काय करावे? आपण गाथ्यातले गोड तेवढे निवडून गातो आणि तुकोबांची वाट होती त्यापेक्षा सोपी करून टाकतो.

तिसरे वाचन बायकांचे, आणि ते आमच्या जिल्ह्याचे खास आहे. संत बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावच्या. समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला. वाळूजहून दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. संप्रदायाला मंदिराची उपमा देणारा त्यांचा अभंग आपल्या सर्वांना पाठ. पण त्यांनी अभंगांतून सांगितलेले स्वतःचे चरित्र किती जणांनी वाचले? पुस्तकाच्या दुकानात बहिणाबाई मागितल्या, तर खानदेशच्या बहिणाबाई चौधरी हातात येतात. त्याही थोर, पण या त्या नव्हेत. आमच्या हरिपाठ मंडळातल्या एका ताईंनी ते आत्मचरित्र मिळवून वाचले. लहान वयात बिजवराशी झालेले लग्न, कथा-कीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याचा मार, कपिलेच्या वासराचा लळा आणि त्याचा मृत्यू, मग स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह. ताई म्हणाल्या, “नवरा मारतो हे तिनं लपवलं नाही आणि देवही सोडला नाही. दोन्ही एकाच वहीत कसं लिहिलं असेल?” याहून चांगली समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

चौथे, कादंबरी. गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ तरुण मुले-मुली अजून वाचतात. चार भावंडांची ती कथा वाचताना डोळे कोरडे राहत नाहीत. पण एका मुलीने कादंबरी संपवून ज्ञानेश्वरी हाती घेतली आणि गोंधळून मला विचारले, “यात त्यांच्यावर झालेला अन्याय कुठं आहे?” कुठेच नाही. नऊ हजार ओव्यांत त्या मुलाने आपल्याला वाळीत टाकणाऱ्यांविषयी तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही आणि शेवटी मागणे मागितले ते साऱ्या विश्वासाठी. कादंबरी आपल्याला दारापर्यंत आणते, त्याबद्दल तिचे उपकार मानावेत. पण तिने आणलेले अश्रू आत गेल्यावर पुसावे लागतात, कारण आतला माणूस रडत नाही.

पाचवे वाचन फोनवरचे, आणि ते सर्वांत जास्त. हरिपाठ फोनवर वाचणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. बसच्या गर्दीत पोथी उघडता येत नाही. पण शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलेला कुठलाही मजकूर आपण हात जोडून पुढे पाठवतो, तेव्हा पैठणच्या नाथमहाराजांची आठवण ठेवावी. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लिहिणाऱ्यांच्या आणि म्हणणाऱ्यांच्या हातून चुकीचे पाठ शिरले होते. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 साली, ती शुद्ध केली आणि यात कोणी स्वतःच्या ओव्या मिसळू नयेत, अशी ताकीद देऊन ठेवली. ज्यांनी स्वतः भागवतावर अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथातला एकेक शब्द जागेवर बसवण्यासाठी आयुष्यातला वेळ दिला. असा वाचक आपल्या परंपरेत होऊन गेला आहे. आपण निदान पुढे पाठवण्याआधी गाथा उघडून पाहावा.

आता मुळावर येतो. अडण्याला आपण कमीपणा का मानतो? अर्जुन रणावर अडला, म्हणूनच गीता झाली. तिसऱ्या अध्यायात तो देवांनाच विचारतो की ज्ञान श्रेष्ठ, तर मला या घोर कर्मात का लोटता? माउलींनी त्या प्रश्नाला धार आणली आहे : पथ्य सांगणाऱ्या वैद्यानेच विष दिले, तर रोग्याने वाचावे कसे? शिष्याने देवाला इतके रोखठोक विचारलेले ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ वाचताना मी एका कामगाराला गप्प बसवले. त्या दिवशी अध्याय संपला, पण वाचला गेला नाही.

गेल्या आषाढीला तो माणूस पुन्हा दिसला. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात एकादशीला पंचक्रोशीतून आणि शहरातून दिंड्या येतात. ज्यांना रजा मिळत नाही, मोठी वारी घडत नाही, त्यांची वारी इथे होते. दर्शनाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. मी त्याच्या पाया पडलो आणि त्या दिवसाची क्षमा मागितली. तो संकोचला. वाचन सुटले का, असे विचारले तर म्हणाला, “नाही. पहिल्या पाळीला जायच्या आधी पाच ओव्या वाचतो. अजून अठराव्यातच आहे.”

“आणि ते फूल?”

रांग दोन पावले सरकली. मग तो म्हणाला, “पार्टची कडा नीट घासली नाही, तर पुढं जोडणाऱ्याचा हात कापतो. तो कोण, मला माहीत नाही. आता मी कडेवरून बोट फिरवून बघतो आणि मगच पुढं सोडतो. एवढंच कळलंय. बाकीचं अजून कळलं नाही.”

माझी पारायणे बरीच झाली आहेत. त्या ओवीचा एवढा अर्थ मला एकदाही लागला नव्हता.

म्हणून माउली, एक सुचवतो. तुमच्या गावचा सप्ताह जसा आहे तसाच चालू द्या. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, काहीच कमी करू नका. फक्त रोज संध्याकाळी, हरिपाठाच्या आधी, एक तास एकाच ओवीसाठी ठेवा. ती ओवी बुवांनी नव्हे, सकाळी जो अडला त्याने निवडावी. उत्तर नाही मिळाले, तर प्रश्न घेऊनच घरी जावे. आमच्याकडे येत्या सप्ताहात हे करायचे ठरले आहे. पहिल्या दिवशीची ओवी कोणती, हे मला विचारू नका. ती तिसऱ्या ओळीत बसणाऱ्याकडे आहे, आणि तो येतो म्हणाला आहे.

तुम्ही सध्या काय वाचता, ते अवश्य कळवा. किती झाले, ते नको. कुठे अडलात, ते लिहा.

रामकृष्ण हरी.